भिंगरीच्या कानात

वर्गातल्या मुली ज्या गायकांवर जीव ओवाळून टाकत होत्या, त्यांना अजून धड मिशाही फुटल्या नव्हत्या. रेडिओ नावाच्या या पोरीचे सगळे हिरो मात्र कवळीवाले. घरात तिला रेडिओ म्हणत, कारण ती उठल्यापासून झोपेपर्यंत गायची आणि गायची ते सगळं आईच्याही जन्माआधीचं रॉक अँड रोल. सतराव्या वर्षी असल्या म्हाताऱ्यांवर जीव लावायचा म्हणजे रोज सकाळी धास्तीनेच फोन उघडायचा. आज कोण गेला? गिटारवाले गेले, ड्रमवाले गेले. आता एकटा भिंगरी उरला होता.

भिंगरी हे त्याचं स्टेजवरचं नाव. तरुणपणी गिटार गळ्यात अडकवून तो असा गरगरायचा की बघणाऱ्याला भोवळ यावी. आता तो स्टुलावर बसून गायचा, पण गायचा. मामा ज्या हॉलमध्ये साउंडचं काम बघायचा तिथेच त्याचा कार्यक्रम आहे हे कळल्यावर रेडिओने मामाचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी तो म्हणाला, "चल बाई. पण तिथे तोंड बंद ठेवायचं."

तालमीला भिंगरी स्पीकरच्या खोक्यावर बसून चहा पीत होता. ती वायरचं वेटोळं हातात घेऊन नुसती बघत उभी राहिली.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"माझी भाची," मामा म्हणाला. "तुमची सगळी गाणी पाठ आहेत तिला. घरात कुणाचीच सुटका नाही."

भिंगरी खुदकन हसला. "मग सांग, शेवटी काय गाऊ?"

दुसऱ्या कुणी एखादं गाजलेलं गाणं सांगितलं असतं. रेडिओने पेट्रोल पंपावरचं एक विसरलेलं गाणं सांगितलं. आईकडच्या जुन्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ते होतं आणि दुसरीकडे कुठे तिला ते कधी सापडलं नव्हतं.

"अगं, माझं सगळ्यात लाडकं," तो म्हणाला. "कोणी मागतच नाही." मग त्याचा चेहरा उतरला. "पण शब्द गेले की गं."

शब्द हल्ली सगळ्याच गाण्यांचे जात. म्हणून पायाशी एक छोटा पडदा असायचा, त्यावर ओळी सरकत. हे गाणं त्यात नव्हतं. त्याची मुलगी, जी त्याचे कार्यक्रम ठरवायची, ती नकोच म्हणत होती. पण म्हातारा हट्टाला पेटला. ठरलं असं की रेडिओने मामाच्या टेबलाशी बसून प्रत्येक ओळ जरा आधी माइकमध्ये म्हणायची, ती त्याच्या कानातल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून फक्त त्यालाच ऐकू जाईल. घसा राखायचा म्हणून एकच कडवं गाऊन पाहिलं. झकास झालं.

त्याची मुलगी मामाला बाजूला घेऊन म्हणाली, "आज नीट पार पडलं तर पुढचा दौरा. नाहीतर मी त्यांना घरी बसवणार. लोकांनी हसावं, हे मला बघवणार नाही." रेडिओने ते ऐकलं आणि ती गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा घोकू लागली.

पण संध्याकाळ रंगली. हॉल खच्चून भरला होता आणि भिंगरी पडद्याकडे चोरून बघत फर्मास गात होता. मग पेट्रोल पंपाचं गाणं आलं. रेडिओ कुजबुजली, तो गायला. तिची प्रत्येक ओळ त्याच्या तोंडून बाहेर पडत होती. याहून जास्त सुख कुठल्या मुलीला मिळालं असेल?

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिने पुढची ओळ दिली आणि त्याने ती गायली. साथीची भाड्याची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. समोरच्या, नुसते सूर लिहिलेल्या कागदावरून वाजवत होती ती. कागदावर अजून दुसरं कडवं संपायचं होतं आणि भिंगरी तर तिसऱ्यात शिरला होता.

तेव्हा रेडिओच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईच्या रेकॉर्डवर चरा होता. सुई तिथून उडून थेट तिसऱ्या कडव्यात पडत असणार आणि पडत असणार ती अशी तालावर की घरात कुणाला कधी संशय आला नाही. मधल्या ओळी तिने आयुष्यात ऐकल्याच नव्हत्या.

ती घाबरून माइकमध्ये म्हणाली, "थांबा, माझं चुकलं."

"थांबा, माझं चुकलं," भिंगरी गायला. अगदी सुरात, डोळे मिटून.

आधी काही जण हसले. मग हसणं थांबलं, ते जास्त वाईट होतं. त्याने डोळे उघडले, समोर पाहिलं आणि कानातलं बटण काढून टाकलं. रेडिओ माइकमध्ये बोलतच राहिली. ते आता कुणालाच ऐकू जात नव्हतं.

नंतर स्टेजमागच्या खोलीत भिंगरी बूट काढून बसला होता. त्याची मुलगी फोनवर दौरा रद्द करत होती. रेडिओने रडत रडत सगळं सांगितलं: रेकॉर्ड, चरा, उडणारी सुई. "तुमचं काही चुकलं नाही. मी चुकीचं सांगितलं, तेच तुम्ही गायलात."

मुलीने फोन खाली घेतला. क्षणभर रेडिओला वाटलं, वाचवलं आपण याला.

"गाणं माझंच ना?" भिंगरीने हळूच विचारलं. "तू अर्धं कडवं गाळलंस आणि माझ्या लक्षातही आलं नाही?"

मुलगी पाठ फिरवून पुन्हा फोनवर बोलू लागली.

भिंगरीने रेडिओला जवळ बोलावलं. रागावला नव्हता तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "मला एवढंच सांग, मधे काय होतं गं?"