ऑगस्टमधला तारा

जमुना पाध्ये वेधशाळेतून थेट बोईसरला, नर्मदाच्या कंपनीत आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी एक छापील आलेख तिच्यापुढे आपटला.

"हा तारा ऑगस्टमध्ये एकदम उजळलाय. तुमच्या प्रोग्रॅमनं काढलाय हा आलेख. पावसाळ्यात आमच्या दुर्बिणीचा घुमट उघडतच नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

नर्मदाला ते चांगलं माहीत होतं. तो प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता. एरवी ही छोटी कंपनी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी पगाराचे प्रोग्रॅम करायची. गेल्या वर्षी, पंचाण्णवमध्ये, वेधशाळेचं काम आलं, तेव्हा नर्मदा हरखून गेली होती. दुर्बिणीनं वर्षानुवर्षं टिपलेलं आकाश टेपांवर पडून होतं. ताऱ्याचं नाव टाईप केलं की प्रोग्रॅमनं त्या साठ्यातून त्याचे सगळे वेध, म्हणजे दुर्बिणीनं केलेल्या नोंदी, शोधायचे आणि त्याचं तेज कसं बदललं ते पडद्यावर ठिपक्यांनी दाखवायचं. एक ठिपका म्हणजे एक वेध. वेध नसेल तिथं काळा पडदा.

"माझ्या विद्यार्थिनीनं, नलूनं, या उजळण्यावर लेख लिहिला," जमुना म्हणाल्या. "छापायला पाठवलासुद्धा. आता तो परत मागवायचा. कुठल्या तोंडानं मागवायचा?"

नर्मदानं प्रोग्रॅम उघडला. खाली खाली जात राहिली आणि एका जागी थांबली. तिथल्या ओळी तिच्या नव्हत्या. दोन वेधांमध्ये मोकळी जागा आली की आधीच्या-नंतरच्या ठिपक्यांवरून एक वक्र ओढायचा आणि त्यावर खोटे ठिपके पेरायचे. अगदी खऱ्यासारखे, त्याच रंगाचे. हा वक्र ऑगस्टमध्ये उगाच वर उसळला होता.

"झुंबर!" ती ओरडली. "हे तू केलंस?"

शेजारच्या टेबलाशी बसणारा तिचा सहकारी झुंबर मान वर करेना. "शेठ बोलले म्हणून केलं, ताई. तुम्ही रजेवर होता."

आवाज ऐकून मालक पुंडलिक सावे केबिनमधून बाहेर आले. त्यांनी नर्मदाला दाराशी बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टेप खराब होती सांग. काम जाईल नायतर."

"टेप चांगली आहे." नर्मदा मुद्दाम मोठ्यानं बोलली. "मॅडम, टेप चांगली आहे. यांनी खोटे ठिपके घालायला लावले."

सावेंचा चेहरा लाल झाला. "अगं, अर्धा पडदा काळा दिसतो! बघनारा बोलेल, सॉफ्टवेअर बिघडलंय. जरा भरून काढलं तर काय आभाळ कोसळलं?"

"भरून काढलं? दुर्बिणीनं बघितलंच नाही ते तुम्ही दाखवलंत! तो काळा भाग बिघाड नाही, शेठ. तेव्हा कुणी बघितलं नाही, असं तो सांगतो. ते सांगायचीसुद्धा लाज वाटते तुम्हाला?"

"माझ्या हापिसात उभी राहून मला शिकवू नको. उद्यापासून येऊ नको."

"येणारच नाही. पण या ओळी काढल्याशिवाय उठणारही नाही."

ती परत मशीनपुढे बसली. सावेंनी मेन स्विच बंद करायची धमकी दिली, तशा जमुना जाऊन स्विचबोर्डला पाठ लावून उभ्या राहिल्या. नर्मदानं एकेक ओळ काढली, तोच तारा पुन्हा शोधला. ऑगस्टमध्ये काही उरलं नाही. तिनं दुरुस्त प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून ती जमुनांच्या हातात दिली.

फाटकापर्यंत झुंबर मागे आला. "ताई, माझं चुकलं."

"मला नको सांगू," ती तडकली. "त्या नलूला जाऊन सांग."

तो गेला नाही. वेधशाळेत गेली नर्मदाच, पुढच्या सोमवारी. नलूनं तिला बसायलाही सांगितलं नाही. "माझं वर्ष गेलं या ताऱ्यात. तुमच्या कंपनीवर विश्वास ठेवला मी," एवढंच ती बोलली. नर्मदानं ते उभ्यानं ऐकून घेतलं. मग दोघी पडद्यासमोर बसल्या आणि नलूच्या इतर ताऱ्यांच्या जुन्या छापील आलेखांतला एकेक पावसाळा दुरुस्त प्रोग्रॅमशी ताडून बघू लागल्या. खोटे ठिपके आणखी तीन ताऱ्यांत निघाले. प्रत्येक वेळी नलूच्या तोंडून शिवी निघे. दुसऱ्या ताऱ्यापासून नर्मदाही देऊ लागली.

वेधशाळेनं कंपनीचं काम काढून घेतलं. सावेंचं फारसं बिघडलं नाही. कारखान्यांची कामं चालूच होती, आणि नर्मदा भांडखोर आहे, तिला ठेवू नका, असं ते बोईसरभर सांगत फिरले. ते कानावर आलं की तिला आजही संताप येतो.