मिठाच्या बरणीवरची रेघ

मिठाच्या बरणीवर धाकूने पेन्सिलीने बारीक रेघ मारली, बरणी होती तशी फळीवर ठेवली आणि कान टवकारून घराचा अंदाज घेतला. सून गौरवी पडवीत फोनवर बोलत होती. बायको रुक्मिणी विहिरीवर. कुणी पाहिलं नव्हतं. आता बघूच, मीठ जातं कुठे ते, असं म्हणून तो शहाण्यासारखा खुर्चीत जाऊन बसला.

दोन महिने झाले, घरातलं जेवण अळणी झालं होतं. चतुर्थीनंतर त्याला आठवडाभर ताप आला, तो उतरला, तेव्हापासून. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने रक्तदाब बघून ‘मीठ जरा कमी’ असं सांगितलं, तेही धाकूला नव्हे, शेजारी उभ्या गौरवीला. तिथेच पाणी मुरलं. त्या दिवसापासून माशाचं हुमण असो की तोरीची आमटी, तोंडात घातलं की कोमट पाणी. नुसतं मीठच नाही, कोकम आणि तिरफळंसुद्धा बया हात आखडून घालते, याबद्दल धाकूची खात्री होती.

“गौरवी, आमटीत मीठ आसा?”

“आसा तर बाबा. रोजच्याइतक्याच घातलंय.”

“मग लागणा नाय ता?”

गौरवी ताटाकडे बघायची. मुलगा परेश खाली मान घालून जेवायचा. त्याला बायकोच्या हातचं गोडच लागणार. रुक्मिणीला विचारावं तर ती म्हणायची, “माका बरा लागता.” सगळे एका माळेचे मणी.

आता हा संशय कुणा ऐऱ्यागैऱ्याचा असता तर गोष्ट वेगळी. धाकू सत्तावीस वर्षं तेरेखोलकडच्या एका हॉटेलात कुजनेर होता. कुजनेर म्हणजे स्वयंपाकीच, पण स्वयंपाकी म्हटलेलं त्याला खपत नसे. सहा दिवस तिकडे, एक दिवस इब्रामपूरला घरी. त्याचे भरलेले शिंपले खायला पाहुणे दुसऱ्या वर्षी परत येत. शिंपले खरे नव्हेत, शिंपल्याच्या आकाराचा मोठा पास्ता. त्यात ताजं पनीर, चीज आणि पालक भरायचा. पालक मिळाला नाही तर धाकू बेधडक लाल माठाची तांबडी भाजी घाली. वर टोमॅटोचा रस, पुन्हा चीज, आणि फोर्नमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये, भाजायचं. लोक खिशाला पेन लावतात, तसा याच्या खिशाला स्टीलचा चमचा. दर पाच मिनिटांनी चाखायचं, चमचा धुवायचा, परत खिशात. नोकरी सुटून तीन वर्षं झाली, पण चमचा सुटला नव्हता.

रुक्मिणीची तऱ्हा उलटी. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न जिभेला लावायचं नाही, हा सासूने घालून दिलेला नियम. नैवेद्य सणावाराचा, पण तिचा हात कायमचाच तसा वळला होता. तळहातावर मीठ घ्यायची, एकदा बघायची, टाकायची, संपलं.

“आंधळ्याचो कारभार तुझो,” धाकू हसायचा.

“देवान अजून तक्रार करूक नाय,” ती म्हणायची.

तर ती रेघ. चार दिवसांनी मीठ रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं. म्हणजे मीठ व्यवस्थित वापरलं जात होतं. दुसरा कुणी असता तर इथे गप्प बसला असता. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की सुतावरून स्वर्ग गाठतं. धाकू मनात म्हणाला, मोरीत ओतत असतील, मला दाखवायला.

त्याच संध्याकाळी सगुणचा फोन आला. सगुण एके काळी त्याच्या हाताखाली शिकलेला, आता तेरेखोलजवळच्या एका नव्या हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळणारा.

“धाकूदा, सीझन सुरू झालो. मालकाक तुमचे ते भरलेले शिंपले होये. येतास?”

धाकू खुर्चीतून उठून उभा राहिला. तीन वर्षं या घरात त्याला ‘बाबा, जरा बाजूक व्हा’ एवढंच ऐकू येत होतं. पुन्हा एकदा आपल्या शब्दावर चूल पेटेल, आपण ‘हां’ म्हटल्याशिवाय ताट बाहेर जाणार नाही, याहून त्याला दुसरं काही नको होतं.

“येतंय. पण आदी तू ये. आयतवारी माझ्या घरी जेव, मगे मालकाक सांग.”

एका दगडात दोन पक्षी. नोकरीही मिळेल आणि खरं जेवण कसं असतं ते या मंडळींना कळेल.

शुक्रवारी तो म्हापशाच्या बाजारात गेला. पास्ता मिळाला, चीज मिळालं. चीजचा तुकडा नाकाशी धरला तर वास नाही. दुकानदाराकडे त्याने रोखून पाहिलं. हाही भेसळवाला निघाला म्हणायचा. दुसऱ्या दुकानातलं चीजही तसंच. धाकू बसमध्ये बसला तो सगळ्या जगावर रागावूनच.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने जाहीर केलं, “आज रांदचे कुडीत कोणी पाय ठेवचो नाय.”

लिंबू पिळून दूध फाडायला लागला, तशी रुक्मिणी दारात आली. “धड दूध नासवतात? भर सकाळी?”

“पनीर ताजा होया. तू जा.”

हातांना सगळं आठवत होतं. पास्ता अर्धा कच्चा उकडून काढला, भाजी परतून पिळली, पनीर-चीजमध्ये कालवली. खिशातला चमचा निघाला. चाखलं. अळणी. मीठ घातलं. चाखलं. अळणीच. टोमॅटोच्या रसाचीही तीच गत. त्याने बरणी उजेडात धरून पाहिली. मीठच बदललं की काय यांनी? आणखी एक चमचा घातला, वर जिद्दीने अर्धा. तेवढ्यात गौरवी दारात दिसली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

पकडली, धाकू मनात म्हणाला. त्याने गौरवीच्या केकच्या फोर्नमध्ये ताट सरकवलं आणि चीज तांबूस होईपर्यंत तिथून हलला नाही.

सगुण जेवायला बसला. पहिला शिंपला तोंडात घातला आणि क्षणभर थांबला. मग चावू लागला. परेश पाणी प्याला. सगुण पाणी प्याला. रुक्मिणीने एक शिंपला पावाबरोबर तोडून तोडून संपवला. गौरवी मुकाट्याने खात होती, नजर ताटात.

“कसा?” धाकूने विचारलं.

“तीच चव, धाकूदा,” सगुण म्हणाला आणि तांब्या पुढे ओढला. “मालकाशी बोलून कळवतंय.”

हॉटेलात धाकू पाहुण्यांच्या तोंडची तारीफ कधी ऐकत नसे. परत आलेली ताटं बघायचा आणि रिकामे झालेले पाण्याचे जग. सगुण गेल्यावर त्याने टेबलाकडे पाहिलं. तांब्या तिसऱ्यांदा भरला होता.

तो आत गेला. बरणीतलं मीठ चांगलं चमचाभर घेतलं आणि तोंडात टाकलं. दातांखाली कचकचलं. बाकी काही नाही. तो वाट बघत उभा राहिला. काहीच नाही.

मागे गौरवी उभी होती. तिने पटकन पाण्याचा पेला पुढे केला.

“थुका बाबा. रक्तदाब आसा तुमका.”

त्याने चूळ भरली. चेहरा पुसायला बराच वेळ लावला.

“कधीपासना ठावक आसा तुका?”

“दसऱ्यापासना. ताक पार आंबलेला. घरभर आमका वास येय होतो. तुमी पेलोभर पिलात आनी बरा झाला म्हणालात.”

“आनी परेश? तुझी सासू?”

“सगळ्यांका.”

म्हणजे संशय खरा होता. घरातले सगळे मिळून त्याच्यापासून काहीतरी लपवत होते. फक्त ते मीठ नव्हतं.

“माका सांगूक नाय तुमी?”

“कसा सांगतलंय बाबा?” गौरवीने पेला परत भरला. “कुजनेराक?”

धाकूला रडू आलं, पण त्याने ते सुनेसमोर येऊ दिलं नाही. पडवीत जाऊन त्याने सगुणला फोन लावला.

“सगुणा, माझ्यान जमाचा नाय. जीभ गेली माझी. दुसरो माणूस बघ.”

“धाकूदा, तसा कायएक नाय...”

“आनी शिंपले खारट झालेले. तुया खोटा बोललंस, ता चुकला. माझ्याकडे शिकलंस, खारटाक खारट म्हणाचा.”

“हय, धाकूदा. खारट झालेले,” सगुण हळूच म्हणाला.

“बरा,” धाकू म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठवडाभर तो स्वयंपाकघरात फिरकला नाही. समोर येईल ते जेवला, मिठाबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र उरलेला पास्ता घेऊन चुलीपाशी येऊन उभा राहिला. पनीर झालं, भाजी झाली, आणि हात थांबला. रुक्मिणी नारळ खवत होती.

“गो,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “चाखल्याशिवाय कसा घालतंस तुया?”

रुक्मिणी उठली. हात पदराला पुसले, त्याचा तळहात उलगडला आणि बरणीतलं मीठ त्यावर ठेवलं. थोडं काढून परत बरणीत टाकलं.

“एवढा. बघून ठेवा.”

धाकूने नीट पाहिलं. मूठ मिटून वजन घेतलं आणि मीठ पनीरवर सोडलं. शिंपले भरले, रस ओतला, चीज किसलं. हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. चमचा त्याने सकाळीच घरातल्या इतर चमच्यांत नेऊन ठेवला होता. मग त्याने ताट आत सरकवलं आणि फोर्नचं दार लावलं.