सातवी ओळ

चिंगीने छापील अहवालाचं पान पट्टीखाली घट्ट दाबून धरलं आणि बोट ठेवून ओळी पुन्हा एकदा मोजल्या. सहा. पडद्यावरच्या मोजल्या. सात. खाली लाल अक्षरांत प्रोग्रामने आपलं मत दिलं होतं: 'तक्ता ३१२: जुळत नाही.' हेच मत तो गेले अकरा दिवस देत होता आणि त्याला त्याचा जराही कंटाळा आलेला नव्हता.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. ऑफिसात ती फॉरमॅटवाल्या मॅडम होती. सांख्यिकी खात्याचे पंचवीस वर्षांपूर्वीचे तक्ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये पडून होते, ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. जाताना त्या लोकांनी आपल्या फायली वाचायच्या कशा, हे सांगायची तसदी घेतली नव्हती. आता फाईल उघडली की दिसायची ती नुसती बाइटांची रांग, डोकं ना शेपूट. त्या रांगेतला कितवा बाइट काय सांगतो, ओळी किती, आकडा कुठे सुरू होतो, दशांशचिन्ह कुठे द्यायचं, हे एकेक करून शोधायचं आणि लिहून ठेवायचं, असं तिचं काम. पुढेमागे कोणालाही त्या लिखाणावरून फाईल वाचणारा प्रोग्राम बनवता यावा. तीन महिन्यांत ऐंशी पानं झाली होती.

साहेबांची अट साधी होती. तीनशे बारा तक्ते छापील अहवालांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. शुक्रवारपर्यंत. नाही जुळले तर तिचा हा ऐंशी पानी दस्तऐवज मंजूर नाही, आणि दस्तऐवजच नसेल तर त्या जुन्या फायली ठेवून करायचं काय? छापील कागद आहेतच, स्कॅन करून टाकू.

"एकच राहिलाय ना?" साहेबांनी दारातूनच विचारलं. आज गुरुवार होता.

"एकच. त्यात प्रत्येक ओळीत एक बाइट आहे, त्रेचाळिसावा. बाकी सगळीकडे तिथे शून्य असतो. या तक्त्यात सातव्या ओळीला तिथे एक आहे."

"म्हणजे काय?"

"तेच तर कळत नाहीये."

"मग लिहून टाका, अर्थ अज्ञात."

"तसं लिहिलं तर तक्ता जुळत नाही. आणि तक्ता जुळला नाही तर तुम्ही सही करत नाही."

"बरोबर," साहेब म्हणाले, जणू तिने त्यांच्याच मनातलं बोलून दाखवलं होतं, आणि चहाला गेले.

चिंगीने दात-ओठ खाल्ले. त्या एका बाइटापायी तिने काय काय करून पाहिलं नव्हतं. ठळक अक्षर असेल म्हणून पाहिलं, खालची रेघ असेल म्हणून पाहिलं, रंग असेल, पान तोडायची खूण असेल. एके दिवशी तर जेवणाचा डबा तसाच परत गेला. शेवटी ती एकाच ठिकाणी येऊन थांबायची: आपणच मोजण्यात कुठेतरी एक घर चुकतोय, आणि सातवी ओळ म्हणजे पलीकडच्या तक्त्यातला कचरा इकडे सांडलाय. कागद चुकीचा असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही, कारण हा तक्ता आत्याचा होता.

आत्या याच खात्यातून तक्ते विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाली होती. आत्याच्या हातून गेलेला आकडा पुन्हा तपासत नसत, असं जुने लोक अजून सांगायचे. चिंगीला शाळेपासून तिनेच वाढवलं. चौथीत चिंगीने मागचं उत्तर बघून गणिताची रीत जुळवली, तेव्हा आत्याने अख्खी वही पुन्हा लिहायला लावली होती. आणि तिच्या सगळ्या कामांत हा अहवाल मोठा होता. शहराच्या कडेच्या वस्त्यांमधल्या मुलांच्या रक्तात शिसं किती, याची पाहणी. त्यावरून सहा वस्त्यांचे जुने नळ उखडून नवे घातले गेले. चिंगीने अहवालाची रेकॉर्डची प्रत पिशवीत टाकली, लॅपटॉप उचलला आणि घर गाठलं.

आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. चिंगीने समोरची खुर्ची ओढली.

"आत्या, शिशाच्या अहवालातला तो मोठा तक्ता तूच केला होतास ना?"

"मीच. का गं?"

"त्यात ओळी किती होत्या?"

"पुस्तकात बघ की. सहा." शेंगा सोलणं चालूच होतं.

"फाईलमध्ये सात येतायत."

"मग तुझं वाचायला चुकत असेल. त्या एका ओळीपायी किती जीव काढशील? अज्ञात लिही आणि मोकळी हो."

हे चिंगीच्या जिव्हारी लागलं. अकरा दिवस ती स्वतःला हेच सुनावत होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. तिने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं, पेन काढलं. सातवी ओळ कचरा असेल तर ती बेरजेत बसणारच नाही. एवढं सिद्ध केलं की उद्या साहेबांपुढे तोंड तरी उघडता येईल. तपासलेल्या मुलांचा रकाना तिने पुस्तकातून उतरवून घेतला. तीनशे अठरा, दोनशे शहात्तर, दोनशे एक्केचाळीस, तीनशे पाच, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे चौऱ्याहत्तर. बेरीज सोळाशे बारा.

पुस्तकात 'एकूण'समोर १८४६ छापलं होतं.

तिने बेरीज खालून वर केली. सोळाशे बाराच. फरक दोनशे चौतीस. पडद्यावर सातव्या ओळीत लिहिलं होतं: कारखान्यामागची वस्ती, तपासलेली मुलं २३४, शिसं आढळलेली ६१, टक्के २६.१. बाकीच्या वस्त्या दोन ते पाच टक्क्यांच्या आत होत्या.

"आत्या, पुस्तकातली बेरीज चुकलीय."

"माझी बेरीज चुकत नाही," आत्या सवयीने म्हणाली.

"हो ना," चिंगी म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."

आत्याने हातातली शेंग न सोलताच परातीत टाकली. पाकीट पुढ्यात ओढून तिने त्यावरची बेरीज वाचली. पंचवीस वर्षांत ही बेरीज कोणीच केली नव्हती. अहवालाचं कौतुक झालं, त्यावर भाषणं झाली, पण सहा आकडे एकाखाली एक मांडायला कोणाला वेळ नव्हता.

"लपवायची सोय होती त्या सॉफ्टवेअरमध्ये," ती म्हणाली. "ओळ निवडायची आणि लपवा म्हणायचं. मग छापताना येत नाही."

"काढूनच का नाही टाकलीस?"

"काढली की एकूण बदलतं." मग म्हणाली, "आणि हात धजला नाही."

"कोणी सांगितलं होतं?"

"वरून निरोप आला. ती वस्ती म्हणे नोंदीतच नाही, मग तक्त्यात कशी? कारखान्याच्या जागेवर बसलेले लोक ते. ओळ ठेवली असती तर सगळा अहवाल पडून राहिला असता. सहा वस्त्यांचे नळ अडले असते. मी म्हटलं, आधी सहा तर होऊ देत. सातवीचं मागाहून बघू."

"बघितलंस?"

"नाही."

चिंगीला राग आला, आणि तो ठेवावा कुठे ते कळेना. सहा वस्त्यांना नळ मिळाले हे खरं होतं. एकसष्ट मुलं ही पण खरी होती. ती आता तिशीत असतील, असतील तिथे. आणि आपण अकरा दिवस स्वतःच्या अकलेला शिव्या देत बसलो, कारण आत्या चुकणार नाही याची खात्री होती. ती चुकली नव्हतीच. याचाच तिला जास्त राग आला.

तिने हातातलं काम पुढे ओढलं. दस्तऐवजात लिहिलं: 'त्रेचाळिसावा बाइट. ० असल्यास ओळ दाखवावी. १ असल्यास लपवावी.' प्रोग्राममध्ये तेवढीच एक ओळ वाढवली आणि चालवला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: 'तक्ता ३१२: जुळतो.' याच अक्षरांसाठी तिने तीन महिने घालवले होते. वर तक्त्यात नीटनेटक्या सहा ओळी उभ्या होत्या.

"गेली?" आत्याने विचारलं.

"गेली. उद्या साहेब सही करतील. आता माझ्या कागदावरून कोणी कुठेही ही फाईल उघडली तरी सहाच दिसणार. तू एकदा लपवलीस. मी कायमची लपवली."

आत्या उठली. सिंकवर हात धुतले, पुसले, चष्मा लावून परत येऊन बसली.

"ते पुस्तक दे इकडे."

"आत्या, ती रेकॉर्डची प्रत आहे. ऑफिसची."

"माहितेय. शेवटच्या पानावर सही माझीच आहे."

"चौकशी लागेल तुझ्यामागे. या वयात."

"लागू दे. उत्तर द्यायला मी आहे अजून. ते पेन दे."

सहावी ओळ आणि 'एकूण' यांच्यामध्ये बोटभर जागा होती. आत्याने पट्टी लावली आणि पूर्वी ती रजिस्टरात लिहायची तशा बारीक, सुट्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली. कारखान्यामागची वस्ती.

आकडे सांगावेत म्हणून चिंगीने पडद्याकडे पाहिलं. तिथे सहाच ओळी होत्या.

"थांब जरा, मी ती परत आणते," ती म्हणाली आणि प्रोग्राममध्ये मघाशी वाढवलेली ओळ शोधून पुसू लागली. घाईत दोनदा भलतंच पुसलं गेलं. प्रोग्राम पुन्हा चालू होईपर्यंत आत्याने तिन्ही रकाने भरले होते, पुढे सही केली होती, आजची तारीख घातली होती.

"घे," तिने पुस्तक टेबलावरून सरकवलं. "आता जुळव."

चिंगीने पान पडद्याशेजारी धरलं. दोनशे चौतीस. एकसष्ट. सव्वीस पूर्णांक एक.