उपाशीपोटी

तापीबाईंच्या डाव्या तळहातावर चुन्याचा एक ठिपका वाळून बसला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, कडेने तंबाखूने पिवळा पडलेला. तो पाहून स्वप्नालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

महिन्यापूर्वी हाडांच्या तपासणीच्या प्रकल्पासाठी तिने कोरीट गावच्या बायकांना उपाशीपोटी स्ट्रॉन्शियमचं पाणी पाजलं होतं. स्ट्रॉन्शियम शरीरात कॅल्शियमच्याच वाटेने जातं. ते रक्तात किती उतरलं हे मोजलं, की हाडांपर्यंत कॅल्शियम किती पोचतं याचा अंदाज बांधता येतो. पोटात आधीच कॅल्शियम असेल, तर मात्र ते ही वाट अडवतं. सगळ्यांच्याच रक्तात स्ट्रॉन्शियम फार कमी उतरलं होतं. म्हणून आज कॅल्शियमच्या जड मात्रेच्या गोळ्या वाटायच्या होत्या, आणि तापीबाईंना मुतखड्याचा जुना त्रास, जो जादा कॅल्शियमने वाढू शकतो.

"मावशी, तपासणीच्या सकाळी तंबाखू खाल्ली होती का? परत सांगा, सरांसमोर."

"खाधी ना, दोनचार डाव. तंबाखू काय जेवण शे का वं माय?"

"आणि थुंकलात कुठे?"

"कोठे थुंकसू? तुन्हा सायेबनी भिंतवर पाटी लाई ठेयेल शे, थुंकू नका म्हणीसन. गिळी लिधं!"

बाकीच्या बायकांनीही तेच केलं होतं; त्या पदराआड खुसखुसल्या. प्रकल्पप्रमुख योगेंद्र सर ब्लेडने खोकं फाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सर, चुना म्हणजे कॅल्शियमच. हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"चिमूटभर चुन्याने काय होतंय? अहवाल गेलाय. यांची हाडं ठिसूळच असणार, त्यात नवल काय?"

"तपासल्याशिवायच?"

"मॅडम, तेव्हा 'बरं सर' म्हणालात. कंत्राट वाढवून घेतलंत. आज कंठ फुटला?"

स्वप्नालीचे कान तापले. खरं होतं ते. रोज सकाळी ती बोलायचं ठरवायची, आणि रोज सरांच्या दारावरून पुढे निघून जायची. पाटी लावणारे हे, गिळायला लावणारे हे, आणि ठिसूळ ठरल्या या बायका.

सरांनी गोळ्यांची पहिली बाटली तापीबाईंपुढे धरली. स्वप्नालीने ती मधेच हातात घेतली.

"मावशी, तुमच्या हाडांचं आम्हाला अजून काहीच कळलेलं नाही. चूक आमची आहे. आणि सर, आज इथे एकही गोळी वाटली जाणार नाही. अहवाल चुकीचा आहे, हे वर मीच कळवणार आहे. आजच."