ग्लेनिसचं मशीन

अमेरिकेतल्या रीनोच्या त्या कॅसिनोत खुर्ची पुढे कलवून जुगाराच्या मशीनला टेकवलेली दिसली, की ते मशीन धरलेलं समजायचं. दहा मिनिटं सगळे मान राखतात. शेजारीण लक्ष ठेवून असेल, तर आणखी थोडा वेळ. नवख्यांना हे कळत नाही, आणि नवख्यांना मॅक्सीन माणसांत धरत नसे.

सकाळी अकराला ग्लेनिस खुर्ची कलवून उठली. चेहरा पांढराफटक.

"काय गं, बरं नाही वाटत?" शेजारच्या मशीनवरून मॅक्सीननं विचारलं.

"पित्त झालंय. तोंडावर पाणी मारून येते. मॅक्सी, मशीन कुणाला देऊ नकोस हं! सकाळपासून पैसे चारतेय मेल्याला, आता देणार बघ."

"जा गं. मी बसलेय ना."

किती पैसे चारले हे मशीन कुठे लक्षात ठेवतं? पण अकरा वर्षं तिथे शेजारी शेजारी बसलेल्या या दोन म्हाताऱ्यांना ते सांगणार कोण!

वीस मिनिटं झाली तरी ग्लेनिस येईना. मॅक्सीनच्या मनात पाल चुकचुकली. जाऊन बघावं का? पण मागे एकदा मॅक्सीन अशीच उठली आणि ग्लेनिसचं मशीन दुसरीनं बळकावलं, तेव्हा ग्लेनिसनं महिनाभर अबोला धरला होता. मॅक्सीनशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. तो महिना तिला खायला उठला होता. ती बसून राहिली.

एक टोपीवाला आला. "इथं कोणी आहे का हो?"

"आहे. आत्ताच गेलीये. पाच मिनिटं झाली."

थोड्या वेळानं तो पुन्हा हजर. "बाई, तुमची मैत्रीण आहे की भूत?"

"पाचच मिनिटं झालीत म्हटलं ना! खुर्ची दिसत नाही? मशीनं काय कमी पडलीत? व्हा पुढे!"

तिसऱ्यांदा त्यानं खुर्चीला हात घातला, तेव्हा मॅक्सीननं दोन्ही हातांनी ती आवळून धरली. शेवटी तोच शिव्या पुटपुटत गेला. मॅक्सीनला भारी आनंद झाला. ग्लेनिसला हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचं होतं.

इतक्यात स्ट्रेचर घेऊन माणसं बायकांच्या स्वच्छतागृहाकडे धावली. मशीन टाकून मॅक्सीन धावली.

सफाईवालीनं बंद दार उघडवलं होतं. ग्लेनिस फरशीवर पडली होती आणि रुग्णवाहिकेवरचा एक तरुण गुडघे टेकून तिची छाती दाबत होता.

"तुम्ही यांच्याबरोबरच्या? या इकडे कधी आल्या?"

"आत्ताच," मॅक्सीनच्या तोंडून निघून गेलं. "पाच मिनिटं झाली."

तो जोमानं दाबू लागला. मग त्यानं ग्लेनिसचे थंड हात पाहिले, निळे पडलेले ओठ पाहिले.

"बाई, खरं सांगा."

मॅक्सीनला रडू कोसळलं. "पाऊण तास झाला," ती म्हणाली.

त्यानं बरोबरच्या सहकाऱ्याकडे पाहिलं आणि हात थांबवले.