डावा खांदा

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे, पण खुंटीवर लटकणारी साधीसुधी बंडी समजू नका हं मला! माझ्या कापडात चांदीसारखे बारीक धागे आहेत आणि दोन्ही खांद्यांवर शर्टाच्या बटणाएवढे सेन्सर आहेत. एके काळी मी बोलायचे. म्हणजे तोंडाने नाही; मला घालणारं माणूस जरा वाकडं झालं, की थरथरून. आता माझी बॅटरी काढून टाकली आहे आणि मी शिवणाच्या दुकानात एका लाकडी पुतळ्याच्या अंगावर गप्प बसून असते. जे थरथरून सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. जाड चष्म्याची एक कारागीर बाई चिमट्याने एकेक सेन्सर उचलायची, श्वास रोखून जागेवर बसवायची आणि मगच श्वास सोडायची. केसभर इकडे-तिकडे झालं तरी उसवून पुन्हा. शेवटी तिने मला एका सरळसोट पुतळ्याला घातलं. मी अगदी शांत राहिले. "शहाणी गं माझी," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. खोक्यात माझ्यासोबत एक चिठ्ठी होती: 'शिवण उसवू नये. माप बदलू नये.' ती चिठ्ठी आजवर कुणीही वाचलेली नाही.

मला विकत घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाबांनी, आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेच्या रिले संघात ती तिसरी धावायची, म्हणजे मैदानाचं वळण तिचं. वळणावर ती डावीकडे अशी काही झुकायची, की खेळाचे सर शिट्टी वाजवायचंच विसरायचे! ती जन्मली तेव्हापासूनच तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली होता. बाबांचाही तसाच. पण ही गोष्ट तोवर तिच्या ध्यानीमनीही नव्हती.

मी तिला ढगळ झाले. मग काय, घरात आत्या शिंपीण! आत्याने मला दोन्ही बाजूंनी आत घेतलं आणि डावीकडे जरा जास्तच, भाचीच्या खांद्यावर झोळ पडू नये म्हणून. किती मायेने टाके घातले तिने! पण त्या मायेत माझा डावा सेन्सर दोन बोटं खाली सरकला. तिला ते कळलं नाही. आणि खरं सांगते, मलाही कळलं नाही.

पहिल्या दिवशी मैत्रिणींनी मला हात लावून लावून बघितलं. मी फुशारून गेले. पण भिंगरी बाकावर बसली आणि मी थरथरले. ती उभी राहिली, मी थरथरले. तिने माझ्याशी जोडलेला फोन उघडला. त्यात एक छोटी बाहुली दिसायची आणि शरीरात जे चुकलं असेल ते लाल व्हायचं. बाहुलीचा अख्खा डावा खांदा लालभडक!

"आई गं! मी इतकी वाकडी आहे?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती आरशात चेहरा बघेनाशी झाली. नुसता खांदा बघायची. मी गप्प बसावं म्हणून डावा खांदा इतका वर ओढून धरायची, की संध्याकाळी मान दुखायची. हसताना माणूस वाकतं ना? तिने खळखळून हसणंच सोडलं. आणि मी मूर्ख, तिने खांदा वर ओढला की शांत व्हायचे. तिला ती माझी शाबासकी वाटायची.

एकदा बाबा म्हणाले, "अगं वेडे, आपल्या घराचा खांदा आहे तो. माझा बघ की!"

"म्हणूनच तर!" ती फटकन बोलली. "तुमच्यामुळेच झालंय हे. मला नकोय तुमचा खांदा."

बाबा हसले, पण उसनं. दुसऱ्या दिवशी तिला शाळेच्या फाटकापाशी सोडताना ते डावा खांदा वर धरून उभे होते. मी तर त्यांच्या अंगात नव्हते!

मग शर्यतीचा दिवस आला. जर्सीच्या आत मी होतेच. बॅटन हातात आला, भिंगरी सुसाट सुटली, वळण आलं आणि ती झुकली. मी थरथरले. तेवढंच तर शिकवलं होतं मला! ती दचकून ताठ झाली आणि वळण तिच्या पायांतून निसटलं. ती भरकटत शेजारणीच्या पट्ट्यात गेली. अख्खा संघ बाद.

सर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "पोरी, तुझं वळण कुठे गेलं गं?"

त्या शर्यतीत माझी काखेतली शिवण उसवली होती. टाके घालायला आत्याने मला आपल्या दुकानातल्या पुतळ्यावर चढवलं. बॅटरी चालूच होती. मी थरथरायला लागले.

"अगंबाई! ही काठी गिळलेली बाईसुद्धा वाकडी?" आत्या हसली. मग तिचं हसू विरलं. तिने माझ्या खांद्यांवर टेप लावली. एकदा, दोनदा. मग स्टुलावर बसूनच राहिली, टेप हातात तशीच.

भिंगरी आली तेव्हा आत्या म्हणाली, "बाळा, चूक तुझ्या अंगाची नाही. माझ्या कात्रीची आहे."

"म्हणजे मी सरळ आहे?"

"तुझा खांदा खाली आहे गं, पण एवढासा. तीळभर. माझ्या टाक्यांनी त्याचा डोंगर केला. आणि तू कशी धावायचीस ते मी बघितलंय की."

त्याच दिवशी माझी बॅटरी काढली. मला वाटलं, संपलं सगळं. पण महिन्याभराने भिंगरी आत्याशेजारी बसून कसल्याशा गमतीवर हसली, हसता हसता वाकली आणि एकदम ताठ झाली.

"काय झालं गं?"

"बंडी थरथरली."

"अगं, ती तर पुतळ्यावर आहे."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, अंगात काहीही घाला, मनगटावर काहीही बांधा, पण तुम्ही कसे आहात हे आधी तुमच्या पायांना विचारा, श्वासाला विचारा. आम्हाला फक्त पुतळा ठाऊक असतो. आणि कुणाच्या अंगाला लाल रंग देण्याआधी दहादा विचार करा. बॅटरी काढता येते हो, थरथर निघत नाही.

रोज संध्याकाळी बाबा भिंगरीला घ्यायला येतात. दुकानाच्या दारात बाप-लेक क्षणभर शेजारी उभे राहतात, दोघांचेही डावे खांदे वर ओढलेले. सांगावंसं वाटतं, सोडा ना सैल! थरथरावं असं खरं कारण मला पहिल्यांदाच दिसतं, आणि आता माझ्यात बॅटरी नाही.