‘गाडी सोड’ म्हणजे कुठली गाडी?

मित्रांनो, मी मोटारगाडी बांधायचा एक जुना पट्टा आहे. एके काळी पिवळाधमक होतो, आता मातकट झालो आहे. आयुष्यभर मी दोनच शब्द ऐकत आलो. एक ‘धर’ आणि दुसरा ‘सोड’. ‘धर’ मला जन्मापासून कळतो. ‘सोड’ने मात्र माझ्या डोक्यात जो गोंधळ घातला, तो अजून मिटलेला नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून बघावं. तुम्ही शाळेत जाता, कदाचित तुम्हाला उलगडेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हजारो बारीक धागे यंत्रात शिरले आणि चार बोटं रुंदीचा मी बाहेर आलो. एका टोकाला लोखंडी आकडा लावला. मधे एक खटका बसवला. माझं मोकळं शेपूट खटक्याच्या फटीतून ओवायचं आणि दांडी वरखाली करायची. कट् कट् आवाज होतो आणि मी ताणला जातो. दांडी पूर्ण उघडली की मी सैल. शेवटी माझ्या अंगावर एक निळी चिठ्ठी शिवली. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती काय सांगतात हे मला कोणी सांगितलं नाही. स्वतःच्या अंगावर लिहिलेलं स्वतःला वाचता येऊ नये, यासारखी दुसरी पंचाईत नाही.

नसरापुरात गोरखच्या दुकानात आम्ही चार भाऊ खिळ्याला लटकत होतो. एके दिवशी वरवे गावचे सर्जेराव आणि त्यांची बायको गीताबाई आले. सर्जेरावांनी जुनी जीप आणि तिच्यामागे जोडायचा ट्रेलर घेतला होता. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ट्रेलरवर चढवून गॅरेजला पोचवायच्या, असा त्यांचा नवा धंदा होता.

गोरखनं मला खाली काढून सगळं समजावलं. “चार चाकांना चार पट्टे. पट्टा चाकाला घालायचा, गाडीच्या अंगाला न्हाई. अंग खड्ड्यात खालीवर हुतंय, पट्टा सैल पडतो. कोस-अर्धा कोस गेलं की थांबून परत आवळायचा. आन् मावशी, गाठ अजिबात मारायची न्हाई.”

गीताबाईंनी कपाळाला हात लावला. “गाठ न्हाई? मग बांधलं कशाला म्हनायचं? म्या चाळीस वर्सं गवताचे भारे बांधले. गाठ न्हाई तर भारा न्हाई.”

“ह्यो भारा न्हाई मावशी, मोटार हाय.”

“मोटार पळती. भारा तरी जाग्याव बसतो. मग गाठ कुनाला जास्ती लागंल?”

गोरख हसत आम्हाला पिशवीत भरायला लागला. गाठ चांगली की वाईट, हा माझा पहिला गोंधळ.

गीताबाईंनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. माझ्या ताणलेल्या अंगाला त्यांनी कधी गाठ मारली नाही. पण खटक्यातून बाहेर लोंबणाऱ्या माझ्या शेपटाला, फटीपासून हातभर अंतरावर, रोज एक घट्ट गाठ मारायच्या. “मनाचं समाधान,” म्हणायच्या. बाकीच्या तिघांना नाही मारली कधी. मीच पुढच्या डाव्या चाकाचा, म्हणून मलाच तेवढा मान. सर्जेराव चेष्टा करायचे, “त्या गाठीनं काय मोटार अडनार हाय व्हय?” त्या म्हणायच्या, “तुमचं काय जातंय?”

सर्जेरावांचं ज्ञान बैलगाडीचं. गाडी ट्रेलरवर चढली की ते लांब उभे राहून डोळे बारीक करून बघत. इंजिनाचं जड तोंड जीपकडे असावं आणि ओझं धुरेवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, थोडं दाबून यावं, हा त्यांचा नेम. वजन मागं गेलं की म्हणत, “उलाळ झाली. वाटंत शेपूट हलवंल.” बैलगाडी मागं जड झाली की जू वर उचलतं, बैलांचे पाय सुटतात, तसंच इथं. मग गाडी परत खाली, परत वर. या कामात त्यांनी कधी घाई केली नाही.

अशी पाच वर्षं गेली. लोक माझं कौतुक करत. “काय बेल्ट हाय, हत्ती बांधावा!” काम झालं की मात्र मला ट्रेलरच्या कोपऱ्यात तसंच टाकत. उन्हानं माझे धागे करकरीत झाले, ग्रीस-चिखलानं मी माखलो. बांधताना मी शूर, सुटल्यावर चिंधी. हेही मला समजलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वेल्ह्याच्या डोंगरात एका वाडीवर अश्लेषाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. माहेर भोरचं, घरात सगळे नोकरदार. लहानपणीच्या आजारानं त्यांचे दोन्ही पाय अधू, काखेत कुबड्या. त्यांची छोटी पांढरी गाडी हातानं चालायची. ब्रेकची दांडी हाताशी, वेगाची दांडी हाताशी. त्या वाडीवर एसटी जात नाही. गाडी होती म्हणून बाई होत्या, आणि बाई होत्या म्हणून एकोणीस मुलांची शाळा होती. घरचे आणि शिक्षण खात्याचे साहेब दोघंही त्यांच्या मागं लागलेले, की भोरला बदली घ्या. बाईंनी कबूल केलं होतं, “ज्या दिवशी गाडी साथ देणार नाही, त्या दिवशी अर्ज देते.”

आणि गाडी बंद पडली. विंझरच्या अलीकडे, एका अरुंद चढावर. गाडी कुठल्याच गिअरमध्ये पडेना, हँडब्रेकची तार तुटलेली. ते हातानं चालवायचं यंत्र दुरुस्त करणारा एकच माणूस, तो पुण्यात.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या होत्या. सर्जेरावांना पाहून म्हणाल्या, “काका, हिला ओरखडासुद्धा येऊ देऊ नका. हिला काही झालं तर सगळे म्हणतील, आम्ही सांगत नव्हतो का!”

“बाई, तुमी निवांत बसा. आमी लोन्याचा गोळा नेल्यागत नेतो,” सर्जेराव म्हणाले.

जीपचं तोंड चढाकडे होतं. चढ उभा, म्हणून लाकडी ठोकळे होते ते दोन्ही ट्रेलरच्या चाकांमागे लावले. गाडीच्या चाकांसाठी ठोकळा उरला नाही. गीताबाईंनी ट्रेलरच्या तोंडाशी बसवलेल्या विंचचा, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या रहाटाचा, हँडल फिरवत तारेनं गाडी वर ओढली. पुढच्या उजव्या चाकाला माझा भाऊ आवळला, डाव्याला मी. माझ्या शेपटाला नेहमीची गाठ मारली. मग विंचची तार काढून ठेवली. मागच्या दोन पट्ट्यांची पाळी अजून यायची होती.

सर्जेराव जीपमध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. मान बाहेर काढून त्यांनी मागं पाहिलं. “आगं, जरा उलाळ वाटतीया. ईतभर पुढं घ्याया लागंल बघ.”

“घेऊ की,” गीताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागून वेल्ह्याची एसटी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. रस्त्यात आम्ही, बाजूला जेमतेम एसटी जाईल एवढी वाट. ड्रायव्हर ओरडला, “अहो पाव्हणं, रस्ता इकत घेतलाय का?” सर्जेरावांना वाटलं, गीताबाईंनी हात करून एसटीला पुढं जाऊ द्यावं. आमच्याकडे एसटीला गाडीच म्हणतात. त्यांनी खिडकीतून हात हलवला आणि ओरडले,

“गाडी सोड!”

मित्रांनो, तुम्हीच सांगा. एक गाडी जीप. एक गाडी एसटी. एक गाडी ट्रेलरवर. आणि मिनिटापूर्वी हेच म्हणाले होते, पुढं घ्यायला पाहिजे. पुढं घ्यायची तर आधी सोडायला नको का? गीताबाईंना वाटलं, पट्टे सोडायला सांगितलं. मलाही तेच वाटलं. आज इतका विचार केला तरी मला त्यांची चूक सापडत नाही.

फक्त विंचची तार परत अडकवायची राहिली. हॉर्नच्या गडबडीत त्या विसरल्या.

त्यांनी आधी भावाची दांडी उघडली. काही झालं नाही, कारण मी धरून होतो. मग माझी दांडी उघडली. मला हुकूम होता ‘सोड’, म्हणून मी सोडलं. माझं शेपूट फटीतून सर्रकन निघालं आणि गाडी मागं घरंगळली.

“मावशी!” अश्लेषाबाई ओरडल्या. उठायला गेल्या, तर एक कुबडी हातातून निसटली.

आणि मग खाड्कन मी थांबलो. हातभर अंतरावरची ती गाठ खटक्याच्या फटीत जाऊन अडकली होती. सबंध गाडीचं ओझं त्या एका गाठीवर आलं. माझे धागे तडतडले. मला सोडायचं होतं आणि सोडता येत नव्हतं. गाडीची मागची चाकं ट्रेलरच्या काठावर आली, ट्रेलरचं शेपूट दबलं आणि जीपचं मागचं अंग वर उचललं. चांगलीच उलाळ झाली.

“आरं देवा, कुनी सोडली?” सर्जेराव ओरडले. ब्रेकवरून पाय काढता येईना आणि बसवेना.

“तुमीच म्हनला न्हवं सोड!”

“एसटी सोड म्हनलो गं!”

“मग एसटी म्हना की! गाडी काय एकच हाय का जगात?”

भांडत भांडतच गीताबाईंनी विंचची तार धरून परत गाडीला अडकवली. एसटीतली माणसं धावली. कोणी चाकांमागं दगड लावले, कोणी मागून खांदा लावला. मघाशी ओरडणारा ड्रायव्हर सगळ्यांत पुढं होता. “आवो मावशी, आता सोडू नका बरं का!” तो म्हणाला, तेव्हा माणसं हसली. कट् कट् करत विंच फिरला आणि गाडी वर आली. या वेळी ईतभर पुढं घेऊनच थांबवली.

बाईंनी गाडीभोवती कुबड्यांवर एक फेरी मारली. बंपरवरून हात फिरवला. ओरखडा नव्हता. मग त्या रडल्या.

गीताबाई माझी गाठ सोडवत होत्या. ती सुटेना, दगडासारखी आवळली होती. बाईंनी ते पाहिलं, जवळ आल्या आणि माझ्या अंगावरची निळी चिठ्ठी पदरानं पुसली. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कोणी वाचत होतं. माझं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडे लागलं.

“मावशी, यावर लिहिलंय, पट्ट्याला गाठ मारू नये.”

गीताबाईंनी गाठीवरचा हात काढला. “गाठ न्हाई म्हनतोय? आन् गाठीनंच तर वाचलं!”

“वाचलं खरं. पण गाठीपाशी बघा, किती धागे तुटलेत. खाली आणखी लिहिलंय. धागे तुटलेला पट्टा पुन्हा वापरू नये.”

म्हणजे गोरखचं खरं होतं आणि गीताबाईंचंही खोटं नव्हतं. गाठीनं गाडी वाचवली आणि मला निकामी केलं. आता मी गाठीला शाबासकी देऊ की दोष? मला ठरवता आलं नाही.

एसटी मार्गाला लागली. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, “आता सोडा गाडी!” गीताबाईंनी पायातली चप्पल दाखवली.

सर्जेराव मात्र जागचे हलले नाहीत. “तीन पट्ट्यांवर म्या न्हाई जायचा,” म्हणाले. गोरखला मोबाईल लावला. तो तासाभरात नवा पट्टा आणि दोन जास्तीचे ठोकळे घेऊन मोटारसायकलवर आला. आला तो मला बघून म्हणाला, “मावशी, गाठ मारलीच का शेवटी!”

“गप बस. तुझ्या दुकानात ‘सोड’ला दुसरा शबुद हाय का, त्यो दे आधी,” गीताबाई म्हणाल्या.

चारही चाकं बांधली, ठोकळे लावले. अर्ध्या कोसावर थांबून प्रत्येक पट्ट्याला हात लावून पाहिला. संध्याकाळच्या आत गाडी पुण्यात पोचली. मी जीपमध्ये गीताबाईंच्या पायाशी वेटोळं करून पडलो होतो. गाडीसोबत जाऊनही मी कशालाच बांधलेला नव्हतो. फार चमत्कारिक वाटलं.

घरी आल्यावर गीताबाईंनी विळा काढला. सर्जेराव म्हणाले, “आगं, ऱ्हाऊ दे की. कवा अडीनडीला लागंल.”

“त्याच्यासाठीच कापतीया. अडीनडीला कुनीतरी ह्योच उचलंल आन् मोटार बांधंल.”

त्यांनी मला मधोमध कापलं. शिक्षा होती की सुट्टी, कोण जाणे. दुखलं नाही, एवढं खरं.

नवव्या दिवशी वरव्यात घरासमोर हॉर्न वाजला. अश्लेषाबाई स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. पेढ्यांचा पुडा खिडकीतूनच पुढं करत म्हणाल्या, “अर्ज दिला नाही, मावशी. सोमवारपासून शाळेत जाते.” तो हॉर्न मी गोठ्यातून ऐकला. त्या दिवशी मी धरून ठेवलं होतं ते हे, एवढं मात्र मला लख्ख कळलं.

हो, माझा चिठ्ठीवाला अर्धा भाग आता गोठ्यात असतो. गीताबाई वैरणीच्या भाऱ्याला मला गुंडाळतात आणि मनसोक्त गाठी मारतात. चांगल्या दोन-दोन. मीही काही म्हणत नाही. दुसरा अर्धा भाग त्यांनी जीपच्या आरशाला लटकवला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, कधी ती दुसऱ्या गाडीवर चढवायची वेळ येईल. तेव्हा आम्हा पट्ट्यांना आधी हात लावून बघा. आमच्या अंगावरचं वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. काम झाल्यावर आम्हाला उन्हात टाकू नका. आणि कोणी घाईत ‘सोड’ म्हणालं, तर लगेच सोडू नका.

सर्जेरावांची सवय काही गेली नाही. कालच मी गोठ्यातून ऐकलं. जीप चालू होती, ट्रेलरवर कोणाची तरी मोटार होती, अंगणातून शेजाऱ्याचा टेम्पो मागं येत होता. सर्जेराव ओरडले, “गाडी सोड!”

गीताबाईंनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि तिथूनच विचारलं,

“कंची?”